बिनहातांची खुर्ची

सोमवार, ४

खोली पाहिली आणि प्रवासाचा शीण गेला. बत्तीस फूट लांब, एकोणीस फूट रुंद, उंच छत, पूर्वेला तीन मोठ्या खिडक्या. आमच्या घरसजावटीच्या धंद्यातली माणसं अशी खोली एकदा हातात यावी म्हणून वर्षानुवर्षं दहा बाय बारामध्ये सोफे कोंबत असतात. मला ती पहिल्याच स्वतंत्र कामात मिळाली. निघताना ताई म्हणाली होती, नशीब काढलंस, आता सगळं सामान भिंतीला टेकवून परत येऊ नकोस म्हणजे झालं.

घर शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापासून वीस मिनिटं चालत. रोज ये-जा जमणार नाही म्हणून मालकीणबाईंनी वरच्या मजल्यावरची खोली दिली आहे. तीन आठवडे इथेच राहायचं.

बैठकीच्या खोलीत सामान पुष्कळ, पण मांडलेलं नाही, नुसतं ठेवलेलं. काचेचं कपाट खिडकीच्या पुढ्यात, म्हणजे उजेड कपाटाला आणि अंधार माणसांना. दोन टीपॉय, दोन्ही कोणाच्याच हाताला येणार नाहीत अशा जागी. गालिचा खोलीच्या मानाने लहान. एवढ्या खोलीत सोफा नाही. सहा खुर्च्या, सहाही वेगळ्या.

माणसंही सहा. आजोबा. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे मालक. मालकीणबाई. त्यांची नऊ वर्षांची मुलगी. मालकांचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. आणि या दोघा भावांची बहीण, तीही बिनलग्नाची. ती मुलीची आत्या म्हणून तिला सगळेच आत्या म्हणतात, भाऊसुद्धा, वडीलसुद्धा.

चहा घेताना मालकीणबाईंनी माझी पूर्ण चौकशी केली. लग्न? नाही. आईवडील? नाहीत. मग कोण आहे? मोठी बहीण, दोघी भाड्याने राहतो. बरं, म्हणाल्या, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

ही वही कामाची आहे. ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या सरांची शिस्त आहे तशी: मापं, बदल, कोण काय म्हणालं, सगळं रोज लिहायचं. आज लिहायला मजा येते आहे.

मंगळवार, ५

सामानाला हात लावण्याआधी माणसं बसवून बघायची, ही सरांची पद्धत. संध्याकाळी सहा ते सात सगळ्यांना रोजच्यासारखं बसायला सांगितलं. मी माझ्या घडीच्या स्टुलावर कोपऱ्यात, आलेखाचा कागद मांडीवर. धाकट्यांनी विचारलं, श्वास घेतला तर चालेल का, की फोटो निघेपर्यंत रोखून धरायचा. आजोबा म्हणाले, तू कायमचा रोखलास तरी कोणाची हरकत नाही.

आजोबांची खुर्ची उंच पाठीची, लाकडी. मालकांची फिरती, चामड्याची. मालकीणबाईंची कोरीव हातांची, लग्नात आणलेली. धाकट्यांची वेताची. मुलीची लहान, निळी, तिच्या वाढीबरोबर पायाखाली ठोकळे बसवत नेलेली. आत्यांची बुटकी, गादीची, हात नसलेली, स्वयंपाकघराच्या दाराशी.

तासाभरात आत्या चौदा वेळा उठल्या. आजोबांचा चष्मा, मुलीचं पाणी, मालकांचा चार्जर, धाकट्यांना खिडकी उघडून हवी होती, मग मालकीणबाईंना ती बंद हवी होती. त्यांच्या खुर्चीला हात का नाहीत ते माझ्या लक्षात आलं. हात असले की माणूस रेलतो.

मग सगळ्यांच्या बैठकीची उंची घेतली, गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत. खुर्चीही चपलेसारखी मापाची लागते, हे लोकांना पटत नाही. आजोबा सोळा इंच. आत्या पंधरा. शेवटी मालकीणबाईंनी माझ्या हातातला टेप घेतला आणि माझंच माप काढलं. सतरा. सगळे हसले, मीही.

खुर्च्यांची गोष्ट मालकांनी सांगितली. या घरात माणूस आलं की खुर्ची येते. मूल झालं की करवून घेतात, सून येताना घेऊन येते. आजी गेल्या तेव्हा त्यांची खुर्ची दुपारच्या आत घराबाहेर गेली. माणसांपेक्षा एक खुर्ची कमी नाही, एक जास्त नाही. सोफ्याचं नाव काढायचं नाही. मी विचारलं, पाहुणे आले तर? पाहुणे उभे असलेलेच बरे, धाकटे म्हणाले, लवकर जातात.

बुधवार, ६

दिवसभर मापं. टेपचं दुसरं टोक आत्यांनी धरलं. टेप लावायच्या आधीच त्या वितीने अंदाज सांगत होत्या आणि तो अर्ध्या इंचानेही चुकत नव्हता. खिडक्यांचे पडदे त्यांनीच शिवलेले आहेत, बावीस वर्षांपूर्वीचे, अजून एक टाका उसवलेला नाही. मी विचारलं, शिकलात कुठे. त्या विचारात पडल्या. आठवत नाही म्हणाल्या, येतच होतं.

त्यांचे गुडघे गेले आहेत. उठताना आधी दाराची चौकट धरतात, मग उठतात. वर जाताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवतात. मालकीणबाई मागून म्हणाल्या, आत्या, तुमचा चहा येईपर्यंत माझं जेवण होईल. चेष्टेत म्हणाल्या असाव्यात.

दुपारी आम्ही दोघीच होतो तेव्हा आत्यांनी हळूच विचारलं, माझी खुर्ची खिडकीशी ठेवता येईल का. इतक्या वर्षांत त्या खिडकीशी कधी बसलेल्या नाहीत, तिथून रस्ता दिसतो म्हणे. मी म्हटलं, खिडकीशीच ठेवणार. शब्द दिला. त्यांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला, कारण आजोबांनी हाक मारली होती.

गुरुवार, ७

आराखडा जमला. जाड कागदातून प्रत्येक वस्तू मापात कापली आणि आलेखावर सरकवत बसले. कपाट उत्तरेच्या भिंतीला. खुर्च्यांचे दोन गट, एक आजोबांभोवती, एक खिडकीशी. टीपॉय प्रत्येक गटात एक. सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतील.

अडचण एकच, आत्यांची खुर्ची. आतल्या स्प्रिंगा तुटल्या आहेत, बैठक एका बाजूला खचली आहे, मागचा एक पाय हलतो. बाकी पाच ठीक. सोफावाल्याकडे पाठवली तर चार दिवसांत नवी होऊन येईल. आत्यांना आधी सांगायचं नाही, एकदम खिडकीशी ठेवलेली दाखवायची असं मी ठरवलं.

मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, तुम्हाला ती काढावीशी वाटते ना? आमच्यात घरच्या माणसाने खुर्ची काढायची नसते. तुम्हीच काढा. आराखड्यावर तसं लिहा आणि खाली सही करा. मी बुटक्या खुर्चीच्या चौकोनावर लिहिलं, ही काढावी. सही केली. मालकीणबाईंनी कागदाची घडी घालून कपाटात ठेवली. दुसरी प्रत करून घ्यावी लागेल.

शनिवार, ९

हमाल आले. कपाट हलवायला चौघे लागले आणि एक काच तडकली, त्यावरून मालक आणि हमाल यांची जुंपली. हमाल म्हणाला, साहेब, काचच होती, तुमचा स्वभाव नव्हता, म्हणून एवढ्यावर भागलं. मालकसुद्धा हसले. खोलीत उजेड आला. मुलगी तीन वेळा इकडून तिकडे पळाली.

जाताना हमालांनी बुटकी खुर्ची उचलली. आत्या दारात होत्या. त्यांनी हात पुढे केला, पण खुर्चीला लावला नाही. मला विचारलं, मग मी कुठे बसू. मी म्हटलं, चार दिवस कुठेही बसा हो, अख्खी खोली पडली आहे. हसत म्हटलं.

त्या बसल्या नाहीत. आम्ही सगळे नव्या मांडणीत बसलो, मी स्टुलावर, आणि त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. मी स्टूल देऊ केलं. ते तुमचं आहे, म्हणाल्या.

रविवार, १०

जेवणाला टेबलावर सहा ताटं, माझं धरून. सात हवी होती. मालकीणबाई म्हणाल्या, अगबाई, मोजायला चुकले वाटतं, आणि जेवायला बसल्या. आत्या वाढत होत्या. मी उठून एक ताट आणलं. ते कोणीतरी परत भांड्यांच्या फळीवर ठेवलं.

दुपारी मुलगी पाणी मागत होती. आत्या पेला घेऊन तिच्या पुढ्यात उभ्या. मुलगी आईलाच हाका मारत राहिली. आत्यांनी पेला टीपॉयवर ठेवला तेव्हा तिने तो उचलला आणि घटाघटा प्यायली.

एका दिवसात असं काय बिनसलं असेल या लोकांचं? घरगुती भांडणात बाहेरच्याने पडू नये. पण राग आला.

सोमवार, ११

सकाळी आत्यांनी विचारलं, आली का खुर्ची. आवाज इतका बारीक की मला खाली वाकावं लागलं. त्या बसलेल्या नाहीत. शनिवारपासून नाहीत. पाय सुजून चपलेबाहेर आले आहेत. मी त्यांना धरून माझ्या पलंगावर बसवू लागले तर गुडघे वाकेनात. दुखत नाही, म्हणाल्या, वाकतच नाहीत.

स्वयंपाकघराला लागून त्यांची खोली आहे. आज तिथे पलंगावर कांद्याची पोती रचलेली होती. दोरीवर त्यांचा एकही कपडा नव्हता.

चार वाजता आजोबा आत्या, आत्या करून ओरडत होते. मी धावत गेले. आत्या तिथेच होत्या. आजोबांचा हात दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. आजोबा त्यांच्या पलीकडे बघत हाका मारत होते.

सोफावाल्याला फोन केला, उद्याच्या उद्या द्या म्हटलं. तो म्हणाला, बाई, गादी आहे, भजी नव्हे, तळून दिली.

मंगळवार, १२

आत्या नाहीत.

घरभर पाहिलं. गच्ची, मागचं अंगण, रस्ता थांब्यापर्यंत. मालकांना विचारलं, ते म्हणाले, कोणाची आत्या? मुलीची, तुमची बहीण. आम्हाला बहीण नाही, म्हणाले, तुम्हाला बरं वाटत नाही का? धाकटे म्हणाले, बहीण असती तर माझं लग्न असं राहिलं असतं होय, कधीच एखादी बघून दिली असती. खरोखर हसत होते. मुलगी म्हणाली, मला आत्या नाहीये, माझ्या वर्गात सगळ्यांना आहे.

भिंतीवरच्या फोटोत दोन भाऊ उभे आहेत. मध्ये एका माणसाची जागा. दोघांचेही हात त्या जागेकडे, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखे, हवेत.

आजोबांना विचारलं नाही. ते सकाळपासून रडत आहेत आणि का ते त्यांना सांगता येत नाही.

मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, तुम्हीच काढलीत ना?

बुधवार, १३

पहिल्या बसने सोफावाल्याकडे. खुर्ची नव्हती. एका कोपऱ्यात लाकडाचे तुकडे, स्प्रिंगा, काथ्या. काल मालकीणबाईंचा फोन आला होता, सोफावाला म्हणाला, तोडून टाका म्हणून. चांगलं लाकूड होतं, त्याला वाईट वाटलं. कामं उरकायच्या आत गिऱ्हाइकांची मनं बदलतात, म्हणाला.

काथ्यात काही वस्तू सापडल्या होत्या, त्या त्याने डबीत जपून ठेवल्या होत्या. शिंप्याचा खडू. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. शिवणवर्गाचं ओळखपत्र, दुमडून पार आत खोचलेलं. फोटोत आत्या, विशीतल्या. आडनाव या घराचं नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने, पडदे, तीन खिडक्या, मुक्काम दोन आठवडे.

म्हणजे त्या पडदे शिवायला आल्या होत्या. त्या या घरातल्या नव्हत्याच.

निघताना सोफावाला म्हणाला, नवीन खुर्ची परवा पोचवतो. कुठली नवीन? बाईंनी सांगितलेली. बुटकी, बिनहातांची. आधीचीसारखीच, फक्त बैठक दोन इंच उंच. सतरा.

गुरुवार, १४

सामान भरलं. मालकीणबाईंना सांगितलं, काम सोडते. त्या बऱ्या शब्दांत म्हणाल्या, उद्याच्या दिवस थांबा, पडदे काढून धुवायचे आहेत, मला एकटीला जमणार नाहीत. मी थांबते म्हटलं. का म्हटलं ते आता लिहिताना कळत नाही.

ताईला फोन केला. सगळं सांगणार होते. ती घाईत होती. सहज म्हणाली, शेजारणीकडे माणसं आली आहेत, तुझी खुर्ची तिला देऊन टाकली, तशी रिकामीच असते. मी ओरडले, परत आण, आत्ताच्या आत्ता. ताई हसली. अगं, खुर्चीसाठी एवढं? सामान मांडून मांडून डोक्यावर परिणाम झाला वाटतं.

शुक्रवार, १५

खुर्ची आली. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आहे. मी ठेवली नाही.

कापड चांगलं निवडलं आहे. करडं, न मळणारं.

माझं स्टूल कुठेच नाही. धाकटे म्हणाले, ते मोडकं? भंगारवाल्याला दिलं असेल वहिनीने.

पडदे काढले. तीन खिडक्यांचे, धुतले, वाळवले, परत लावले. शिडीवर होते तेव्हा बरं वाटत होतं. खाली उतरल्यापासून बसलेली नाही. मालकांच्या खुर्चीवर बसून पाहिलं, कोणी नव्हतं तेव्हा. बसले, आणि उभीच होते. मधलं काही आठवत नाही.

शनिवार, १६

वरच्या खोलीला कुलूप. माझी पिशवी खाली, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत. पोती काढून पलंग झाडलेला.

निघाले. कोणी अडवलं नाही. वहिनी दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, संध्याकाळी आप्पांची गोळी आहे.

बसमध्ये जागा नव्हती. उतरल्यावर थांब्याच्या बाकावर बसले. दोन बायका बोलत आल्या आणि मी होते तिथेच बसू लागल्या. माझ्या मांडीवर. उठावं लागलं. बाई गं, गरम आहे हा बाक, एक म्हणाली. दुसरी म्हणाली, कोणीतरी आत्ताच उठलं असेल.

ताईने दार उघडलं. कोण हवंय, म्हणाली. मी नाव सांगितलं. तिचं, माझं, आईचं. लहानपणी तिने मला दारात बोट चेमटून रडवलं होतं ते सांगितलं. ती घाबरली. मग तिला दया आली. आत घेतलं, पाणी दिलं. टेबलाशी एक खुर्ची, फळीवर एक कप. एकटीच राहते म्हणाली, पहिल्यापासून. तिच्या तोंडावर काही लपवल्याची खूण नव्हती. माझी ताई खोटं बोलली की कान लाल होतात. झाले नाहीत.

मी उभी राहून पाणी प्यायले. ती म्हणाली, बसायला सांगितलं असतं, पण.

रविवार, १७

रात्र थांब्यावर, उभ्याने काढली. सकाळच्या पहिल्या बसने परत. दुसरं कुठे जाणार.

आप्पांनी गोळी घेतली नव्हती. पाणी दिलं.

मागची पानं वाचली. सोमवारी मालकीणबाई लिहिलं आहे. काल वहिनी लिहिलं. आजोबांना आप्पा. कोणी सांगितलं मला? कधी बदललं? मालकीणबाई. मालकीणबाई. लिहिते आहे, पण हात तिकडेच वळतो.

सोमवार, १८

वहिनींना सरळ विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, मीही निवडायला लागले.

त्यांनी काही लपवलं नाही. घराला एक आत्या लागते, म्हणाल्या. म्हाताऱ्यांचं कोण करणार, पोरांचं कोण करणार. आमच्या सासूबाईंनी मला सगळं नीट शिकवून ठेवलं. थकली की तिची खुर्ची काढायची, पण घरच्याने नाही, बाहेरच्या बाईने. जी काढते तिचीच येते. आधीच्या आत्यानेही अशीच एक काढली होती, पडद्यांचा घेर नीट पडावा म्हणून. बिचारी चांगली होती. तूही चांगली आहेस, कामाला उजवी आहेस.

म्हटलं, मी बसणारच नाही.

बसू नकोस, म्हणाल्या. ती नाही का तीन दिवस उभी राहिली. मग कुठे गेली?

देठ फार जाड ठेवू नकोस, म्हणाल्या.

मंगळवार, १९

उभी. पाय चपलेत मावत नाहीत.

तोडावी का खुर्ची? करवत आहे कोठीत. पण तिची तोडली तेव्हा —

बसले तर मी राहणार नाही. नाही बसले तर कोणीच राहणार नाही.

आत्यांचा आवाज गेला होता. माझाही बारीक झाला आहे. मुलीला, बिट्टीला, दोन वेळा पाणी दिलं, दोन्ही वेळा तिने पेला माझ्या हातातून न घेता टीपॉयवरून घेतला. फोटोत काही बदल नाही. दोघांचे हात अजून हवेत.

गुडघा वाकवून पाहिला. अर्धा वाकतो. उद्या वाकणार नाही.

मंगळवार, संध्याकाळ

बसले.

एक मिनिट, म्हटलं. नुसतं टेकावं. पाय —

सतरा इंच. बरोबर बसते. टाचा पूर्ण टेकतात. इतकं बरं वाटलं की रडू आलं.

सगळे वळून बघायला लागले. धाकटा भाऊ म्हणाला, आली एकदाची, कुठे होतीस गं दिवसभर, चहावाचून जीव गेला. दादा हसला. आप्पांनी हात पुढे केला. रडायचे थांबले.

उठले. चहा ठेवला.

बुधवार

आठवतं ते लिहून ठेवते. एक बहीण होती. आहे. तिचे कान लाल होतात. कशाने — ती काही बोलली की.

एक बाई इथे होती, गुडघे दुखायचे. तिला काहीतरी कबूल केलं होतं. खिडकी. ती खिडकी का मागत होती, रस्ता तर —

कामं फार. दिवसाचं कळत नाही. फोटोत मी बरी आले आहे, दोघांच्या मध्ये. तेव्हा केस लांब होते.

टेप सापडला शिवणाच्या डब्यात. कोणाचा? दादा म्हणाला, तुझाच असेल.

गुरुवार असेल

वही लपवायला हवी. गादीच्या आत, काथ्यात, तिने जसं — कोणी?

वाचते आहे. पहिलं पान कोणाचं, बाई फार हसरी आहे. तिचं अक्षर माझ्यासारखं. तिला परत पाठवायला हवं. तिला सांगायला हवं की काढू नकोस, सही —

आप्पा हाक मारतायत. आले.

आले होते. कशासाठी बोलावलं ते विसरले म्हणाले. तिथेच उभी राहिले जरा वेळ.

आता सगळं एकदाच नीट लिहायचं, पहिल्यापासून, नावानिशी. माझं, ताईचं, घराचा नंबर. कोणीतरी वाचेल. नवीन कोणी आली तर तिला तरी —

बिट्टी आली आहे. तिला चित्रं काढायला कोरी पानं हवीत, हीच वही हवी, उरलेली सगळी. म्हटलं, देते गं राणी, एवढं पान होऊ दे. आत्या, आत्ता, म्हणते. तिने वहीचं दुसरं टोक धरलं आहे. थांब ना. एक ओळ. पाय आपटते आहे, वहिनी आतून विचारतायत काय झालं. देते, देते, रडू नकोस, फक्त एवढंच लिहिते की मी इथे आले तेव्हा माझं